आधी काटा, मग माळ!

पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून हे लिहिताना आम्ही त्यांवर गिरडचा एक दगड ठेवला आहे. सुपारीहून थोडा मोठा, गोल, वरून खडबडीत. बाबा फरीदांच्या टेकडीवर असले गोळे पायाखाली येतात. समुद्रपूर तालुक्यातल्या कोणत्याही पोराला विचारा, तो त्यांची कुळकथा सांगेल. ख्वाजा शेख फरीद टेकडीवर तप करीत बसले होते. माल लादलेला तांडा घेऊन एक बंजारा व्यापारी चालला होता. त्याने फकिराची टर उडवली आणि पोत्यांतल्या सगळ्या मालाचे दगड झाले. कोणी सांगतो तो नुसता हसला, कोणी सांगतो पोत्यात काय आहे असे विचारल्यावर तो खोटे बोलला. इंग्रजांच्या इम्पीरियल गॅझेटियरने ही कथा टिपली, हे गोळे झिओलाइटचे आहेत हेही टिपले आणि दर्ग्यावर हिंदू व मुसलमान दोघांचीही रीघ असते हेही छापून ठेवले.

दगड खनिजाचे आहेत. शाळेतल्या पोरांना तेच शिकवावे, त्यात आम्हाला तिळमात्र शंका नाही. पण लोकांनी गोष्ट कोणती रचली ते पाहा. ती रोग बरा झाल्याची नाही, वांझेला पोर झाल्याची नाही. ती व्यापाऱ्याच्या पोत्याची आहे! फकिराने त्याला नमाज किती वेळा पढतोस असे विचारले नाही, संध्या करतोस की नाही असेही विचारले नाही. या मुलखातल्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसांनी सातशे वर्षे जपून ठेवलेला प्रश्न एवढाच आहे: पोत्यात काय आहे?

(ओघात एक बोलून टाकतो. हा खोटेपणा कथेने बंजाऱ्याच्या माथी मारला आहे. ज्या लमाणांच्या बैलांनी शतकानुशतके दख्खनला मीठ आणि धान्य पोचवले, त्यांच्या! सावकाराच्या तिजोरीचे दगड झाल्याची गोष्ट मात्र आम्ही अजून ऐकलेली नाही. गोष्टी सांगणारेही कोणाच्या तरी ओसरीवर बसून सांगतात.)

आता एका खरेदीच्या जागी चला. गाव सांगत नाही, मालकाचे नाव सांगत नाही, कारण हा प्रकार एकट्याचा नाही. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन घेऊन आलेल्या एका मावशींबरोबर आम्ही तिथे दीड तास उभे होतो. इलेक्ट्रॉनिक काट्याला झेंडूचा हार. काट्यापुढे अगरबत्ती, तिची राख थेट तव्यावर पडत होती. भिंतीवर लक्ष्मी, लक्ष्मीखाली शुभ-लाभ, लाभाखाली मालकाची गादी, आणि मालकाच्या गळ्यात तुळशीची माळ. मावशींची आठ पोती. गावातल्या किराणा दुकानात तोलून आणली, तेव्हा प्रत्येक पोते ६२ किलोंचे भरले होते. इथे ६० दिसत होते. मग ओलाव्याचे मीटर निघाले. १४ टक्के.

“तीन दिवस आंगणात वाळवलं जी आम्ही.”

“मीटर का मी हातानं फिरवतो काय, मावशी?”

क्विंटलमागे दोन किलो कडता लागला. काट्यात गेले सोळा, कडत्यात गेले साडेनऊ. मावशींचे पंचवीस किलोंवर सोयाबीन तिथल्या तिथे विरघळले. पावती मागितली तर कोऱ्या कागदाच्या चिटोऱ्यावर आकडे आले. मावशी काही बोलल्या नाहीत. सोबतच्या पोराने तोंड उघडले तर त्यालाच म्हणाल्या, “जाऊ दे ना बापा, अंधार होईन घरी जायले.” आणि निघताना मालकाने हात जोडून सांगितले: “बुधवारी सप्त्याचा काला आहे. जेवाले या मावशी. महाप्रसाद आपल्याकडूनच हाय.”

हा अग्रलेख त्या एका वाक्यासाठी लिहावा लागत आहे. तुमचे पंचवीस किलो काढून घ्यायचे आणि तुम्हालाच पंगतीला बसवून वर पुण्य स्वतःच्या खात्यात जमा करायचे! दरोडेखोर बरा. तो निदान जेवायला बोलावीत नाही.

हे लोक नास्तिक आहेत काय? मुळीच नाही. पहाटेची काकडआरती ते चुकवीत नाहीत, एकादशीला पाणी पितानाही विचार करतात. त्यांच्या श्रद्धेत ढोंग आहे असा सोपा आरोपही आम्ही करणार नाही. कीर्तनात त्यांच्या डोळ्यांना येणारे पाणी खरे असते. रोग याहून खोल आहे. मार्ग आणि धर्म या दोन निराळ्या वस्तू आहेत, हेच आम्ही साफ विसरलो आहोत. ज्ञान, कर्म, भक्ती, योग हे मार्ग. ज्याची जशी प्रकृती तसा त्याने निवडावा. कोणी टाळ घ्यावा, कोणी ग्रंथ घ्यावा, कोणी कुदळ घ्यावी. त्यात निवडीला मुभा आहे. पण खोटे बोलू नये, दुसऱ्याचे उचलू नये, दुबळ्याला छळू नये, यात निवड कसली? शास्त्रकारांनी याला सामान्य धर्म म्हटले. सामान्य म्हणजे क्षुल्लक नव्हे, सर्वांना सारखा बांधणारा. आम्ही काय केले? जे ऐच्छिक होते ते सक्तीचे केले आणि जे सक्तीचे होते ते ऐच्छिक करून टाकले. एकादशी मोडली तर हळहळ. काटा मारला तर व्यवहार!

शास्त्राच्या नावाने छाती बडवणाऱ्यांनी शास्त्रे एकदा उघडावीत. मनूने धर्माची दहा लक्षणे मोजली आहेत: धैर्य, क्षमा, मनाचा निग्रह, चोरी न करणे, शुचिता, इंद्रियांवर ताबा, बुद्धी, विद्या, सत्य आणि राग न करणे. याज्ञवल्क्याने नऊ मोजली, त्यांत दान आणि दया घातली. कौटिल्याने सर्व वर्णांना आणि सर्व आश्रमांना मिळून जे लागू म्हटले त्यात अहिंसा, सत्य, शुचिता, मत्सर नसणे, क्रूरपणा नसणे आणि क्षमा. या तिन्ही याद्या पुन्हा वाचा. त्यांत देऊळ नाही. व्रत नाही, यात्रा नाही, नवस नाही, सप्ताह नाही, महाप्रसाद तर नाहीच नाही. हे सगळे वाईट आहे असे ते म्हणत नाहीत. मोजण्याच्या वेळी मात्र ते त्यांनी मोजले नाही.

आणि काट्याचे म्हणाल तर मनूने राजाला बजावले आहे की तराजू आणि वजने दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासावीत. कौटिल्याने तर चार महिन्यांची मुदत घातली. आजचा वजनमापांचा कायदा इलेक्ट्रॉनिक काटा वर्षातून एकदा पडताळून शिक्का मारून घ्या एवढेच म्हणतो, आणि तेवढेही आम्हाला जाच वाटते! धर्मराज्य हवे म्हणणाऱ्यांनो, धर्मशास्त्राप्रमाणे सहा महिन्यांनी काटा तपासायला तयार आहात काय? त्याच मनूने चोरीच्या दोषाचा हिशेब कसा मांडला तेही ऐका. चोरी एकच, पण जाणत्या शूद्राला दोष ८ पट, वैश्याला १६ पट, क्षत्रियाला ३२ पट आणि ब्राह्मणाला ६४ पट. जितका जाणता, जितका वरचा, तितकी त्याची चोरी जड. व्यासपीठावरून मनूचा जयजयकार करणाऱ्या एकाही महाराजाच्या तोंडून हा हिशेब आम्ही ऐकलेला नाही. ऐकवणार कसा? पहिली वसुली समोरच्या सोफ्यावरून करावी लागेल.

मनूचे नाव घेतले म्हणून आमचे काही मित्र भुवया चढवतील. त्यांचे बरोबरच आहे. याच ग्रंथात शूद्र ब्राह्मणाला उर्मट बोलला तर जीभ छाटण्याची शिक्षा आहे, आणि स्त्रीला जन्मभर कोणाच्या तरी ताब्यात ठेवण्याची आज्ञा आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो जाळला गेला, आणि ज्या पानांसाठी जाळला ती पाने त्याच लायकीची होती. पण बाबासाहेबांनी पुढे १९३६ साली ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ मांडताना यापेक्षाही मुळावरचा घाव घातला. त्यांनी तत्त्व आणि नियम असा भेद केला. तत्त्व माणसाला विचार करायला लावते, म्हणून त्याच्यावर जबाबदारी टाकते. नियम फक्त पाळायचा असतो. पाळला की सुटलो. हिंदू ज्याला धर्म म्हणतात ते नियमांचे गाठोडे झाले आहे, तत्त्व त्यात उरलेले नाही, असा त्यांचा आरोप होता. नव्वद वर्षे होत आली. गिरडपासून मुंबईपर्यंत एक तरी सप्ताह दाखवा, जो या आरोपाला उत्तर देतो! नियम वाढले, तत्त्व आटले. सोमवारी केस कापू नयेत हे पाठ आहे. मजुराची मजुरी थकवू नये हे कोणाला पाठ आहे?

‘स्वधर्म’ या शब्दाची तर आम्ही राखच केली. गीतेने अर्जुनाला स्वतःच्या वाट्याला आलेल्या कर्तव्यापासून पळू नको असे सांगितले. तो उपदेश एका जाणत्या, हातात शस्त्र असलेल्या, सत्ता असलेल्या माणसाला होता. आम्ही तोच शब्द उचलून ज्याच्या हातात झाडू होता त्याच्या कपाळी मारला: हाच तुझा स्वधर्म, यातच तुझे कल्याण. सत्तावानाला कामाला लावणारा उपदेश सत्ताहीनाला गाडण्यासाठी वापरला. शास्त्राचा याहून मोठा अपमान बाहेरच्या कोणत्या शत्रूने केला आहे?

महाभारत, हे ध्यानात ठेवा, असल्या धर्मधुरीणांची फार निर्दय टिंगल करते. शांतिपर्वातली जाजलीची गोष्ट आमच्या कीर्तनांतून हळूच का गळाली याचे आम्हाला मुळीच नवल वाटत नाही. जाजली हा ब्राह्मण तपस्वी. अरण्यात खांबासारखा इतका निश्चल उभा राहिला की चिमण्यांच्या जोडप्याने त्याच्या जटांत घरटे बांधले. त्याला कळले, पण तो हलला नाही. अंडी घातली, हलला नाही. पिले फुटली, पंख आले, सकाळी उडून संध्याकाळी परत येऊ लागली, तरी हा उभाच. शेवटी महिनाभर ती परतली नाहीत तेव्हा त्याने मोकळा श्वास घेतला आणि दंड थोपटून गर्जना केली की धर्म मला सापडला! त्यावर आकाशवाणी झाली. काय झाली? काशीतल्या तुलाधाराच्या पासंगालाही तू पुरणार नाहीस, आणि तो तुलाधारसुद्धा असे बोलत नाही.

तुलाधार कोण? ऋषी नाही, संन्यासी नाही. दुकानदार! औषधी, साली, लाकूड, रंग, सुगंधी द्रव्ये विकणारा. दारू तेवढी विकत नाही. जाजली धापा टाकीत काशीला पोचला, तर हा गल्ल्यावरून उठून स्वागत करतो आणि म्हणतो, तुमच्या डोक्यावरच्या चिमण्यांचे मला ठाऊक आहे. मग तो आपली साधना सांगतो. ती काय असावी? माझा तराजू सगळ्या प्राणिमात्रांना सारखा आहे, एवढीच. कोणालाही न दुखवता, नाहीतर कमीत कमी दुखवून जगतो. कोणाच्या भल्यावर जळत नाही, कोणाच्या पुढे लाचार होत नाही. त्याला धर्माचा अर्थ एका लाकडी दांडीवर आणि दोन पारड्यांत सापडला होता.

जाजलीची दया खोटी नव्हती. आम्ही त्याची थट्टा करतो खरी, पण डोक्यावर पिलांना वाढू देणारा माणूस लहान नाही. तो हुकला कुठे? गर्जनेत. आज त्याच गर्जनेला फ्लेक्स म्हणतात. अन्नदात्याचा हात जोडलेला फोटो, फोटोखाली अकरा शुभेच्छुक, आणि कोपऱ्यात, जागा उरली तर, विठ्ठल.

गिरडच्या टेकडीवरची कथा आणि काशीची कथा शेजारी शेजारी ठेवा. एक फकिराने सांगितलेली म्हणा, एक व्यासाने. इकडे व्यापाऱ्याच्या पोत्याचे दगड झाले, तिकडे व्यापाऱ्याच्या तराजूतून मोक्षाचा रस्ता निघाला. दोन धर्मांच्या, दोन काळांच्या माणसांनी देवाकडे जाणाऱ्या माणसाला एकाच दारात अडवले आणि झडती घेतली.

“हे कर्ममार्ग्यांचे झाले, आम्ही भक्त आहोत, आमचे नामस्मरण आम्हाला तारील,” अशी एक पळवाट नेहमी पुढे येते. तीही बंद करून टाकू. गीतेचा बारावा अध्याय भक्तियोगाचा. देवाला आवडता भक्त कोण, हे तिथे देव स्वतः सांगतो. पहिलेच लक्षण कोणते? जो कोणाचाही द्वेष करीत नाही तो. टाळ, माळ, बुक्का यांचा उल्लेखसुद्धा नाही. बरे, तुम्ही ज्ञानी आहात? तेरावा अध्याय उघडा. ज्ञान म्हणजे काय या प्रश्नाला तिथे ब्रह्माची व्याख्या आधी येत नाही. आधी येते मानाची हाव नसणे, मग दंभ नसणे, मग अहिंसा. ज्ञानदेवांना या ओळींचे मोल माहीत होते, म्हणून १२९० साली लिहिताना ते या एकेका गुणापाशी किती रेंगाळले आहेत ते पाहा. अहिंसेपाशी तर त्यांचा पाय निघत नाही. आणि तुम्ही कर्मयोगी असाल तर तिसरा अध्याय आहेच. ज्यांच्या देण्यावर जगतो त्यांचे त्यांना न देता जो खातो, त्याला तो सरळ चोर म्हणतो. तीन रस्ते, तिन्हींच्या तोंडाशी तोच नाका. या नाक्याला बगल देणारा चौथा रस्ता फक्त आमच्या काळात निघाला आणि त्याच्यावर मंडप, साउंड सिस्टीम व देणगी पावतीची सोय आहे.

हे सगळे पोथीतले, व्यवहारात जमत नाही, असे म्हणणाऱ्यांची आम्हाला याच जिल्ह्यात कीव येते. दुसरीकडे कोणी म्हणाले तर समजू. पण वर्धा जिल्ह्यात बसून? विनोबांनी ‘गीताई’ लिहिली ती वर्ध्यात, १९३०-३१ साली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, समोर कैदी होते, आणि ती उतरवून घेणारा हात साने गुरुजींचा होता. प्रवचन ऐकून घरी जाऊन झोपणारे आम्ही सगळेच. त्या हाताने काय केले? १५ वर्षांनी, १९४७ च्या मे महिन्यात, पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना उघडावे म्हणून त्याच माणसाने प्राण पणाला लावून उपोषण केले. गीतेची टिपणे घ्यायची असतात ती अशी! आणि प्रवचनकार? १९५३ च्या सप्टेंबरात तेव्हाच्या बिहारमधल्या वैद्यनाथधामला हरिजनांना बरोबर घेऊन दर्शनाला गेले तेव्हा पंड्यांनी त्यांना मारहाण केली. एक कान जवळजवळ कामातून गेला. मारणाऱ्यांना शिक्षा नको, असे ते म्हणाले. पंड्यांच्या गळ्यातही माळा होत्याच.

त्याच्या कितीतरी आधी, १९२८ च्या जुलैत, जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. व्यापारी होते ते. मारवाडी समाजाचा रोष होणार, सोयरीक तुटणार, बाजारात कुजबुज होणार, हे सगळे गणित त्यांना येत नव्हते असे समजू नका. गणितात ते आमच्या अडत्यांच्या पाच पिढ्यांना भारी होते. आणि १९३६ साल. बाबासाहेब तिकडे तत्त्व आणि नियमांचा हिशेब मागत होते, इकडे विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण दत्तपूरला कुष्ठरोग्यांच्या जखमा धुवायला बसले. भिकाऱ्याला लांबून नाणे फेकणाऱ्या समाजात एका माणसाने आपले आयुष्य त्या जखमांपाशी नेऊन ठेवले. पुढे संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री रोगाने जर्जर होऊन सेवाग्रामला आले, तेव्हा त्यांच्या अंगाला गांधी रोज स्वतःच्या हाताने मालिश करीत. गीतेवरची भाष्ये आम्ही पुष्कळ चाळली. टिळकांचे ‘गीतारहस्य’ मंडालेच्या कोठडीत जन्मले, ते डोक्याला घाम आणते. पण सेवाग्रामच्या त्या झोपडीतले तेलाचे भाष्य कपाटात ठेवून देता येत नाही, हीच त्याची अडचण आहे. म्हणून आम्ही काय केले? झोपडीला कुंपण घातले, संग्रहालयासारखी शांतता केली आणि शाळेच्या सहली नेऊ लागलो.

गांधींच्या जिल्ह्यात, विनोबांच्या जिल्ह्यात, २०२३ च्या जूनमध्ये बोगस कपाशी बियाण्यांचा कारखाना पोलिसांना सापडला. पेरणीच्या तोंडावर. चोर बीटीची पाकिटे तर गावोगाव बिलाशिवाय फिरतात, आणि ती विकणारा परका नसतो, आपल्याच पाहुण्यातला असतो. व्यापाऱ्याने काटा मारला तर दोन किलो जातात. बियाण्यात खोट निघाली तर वर्ष जाते, आणि विदर्भात एक वर्ष जाणे म्हणजे कधीकधी घरातला माणूस जाणे. पोत्यात काय आहे, हा फकिराचा प्रश्न त्या पाकिटाला विचारला असता तर?

आता घराच्या आत येऊ, कारण शेतकरी वाचक आतापर्यंत खूश होऊन मान डोलवीत असेल. दादा, तुमचाही काटा पाहायचा आहे. बापाच्या सातबाऱ्यावर बहिणीचे नाव लागले की चार दिवसांत तिला माहेरी कोण बोलावते? लुगडे-चोळी, पुरणपोळी, आणि जेवण झाल्यावर तलाठ्याकडे, नाहीतर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत. हक्कसोडपत्र. बहीण सही करते. का? भावाचा जिव्हाळा तुटू नये, माहेरचे दार बंद होऊ नये म्हणून. महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा वाटा १९९४ साली दिला, देशाने २००५ साली, आणि बाप कधी वारला याने हक्काला बाधा येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली निक्षून सांगितले. कायदा देतो, भाऊ घेतो. आणि भाऊबीजेला तीनशे रुपयांची साडी घालून ओवाळून घेतो! बहिणीने मागितला तर ती लोभी. भावाने लिहून घेतला तर ती रीत. काही बहिणी राजीखुशीने सोडतात, हे आम्हाला ठाऊक आहे. ज्या दिवशी तितकेच भाऊ राजीखुशीने सोडतील त्या दिवशी आम्ही ती राजीखुशी मानू.

यक्षाने चारही भाऊ मारून टाकले आणि एकच जिवंत करीन म्हणाला, तेव्हा युधिष्ठिराने भीम मागितला नाही, अर्जुन मागितला नाही. नकुल मागितला. कारण आपल्या आईचा एक मुलगा, म्हणजे आपण स्वतः, जिवंत आहे; सावत्र आई माद्रीचाही एक राहावा. पुढे युद्ध दिसत असताना! भीमार्जुनांशिवाय राज्य मिळणार नाही हे दिसत असताना! महाभारताचा शब्द आहे आनृशंस्य. दगड नसणे, क्रूर नसणे. मेलेल्या सावत्र आईचा हिशेब चुकता करणारा तो भाऊ, आणि जिवंत सख्ख्या बहिणीचा अंगठा घेऊन पंढरीची वाट धरणारे हे भाऊ. यांना विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवताना काहीच टोचत नाही काय?

तुम्ही हिंदूंनाच बोलता, दुसऱ्यांना का नाही, असे पत्र येईलच; दर वेळी येते. उत्तर छापून ठेवतो. दर्ग्यावर गलेफ चढवून खाली येऊन मजुरांना अर्धा रोज देणारा आमच्या लेखी त्याच पंगतीतला. पण घर आधी आपले झाडावे, शेजाऱ्याच्या अंगणातला केर मोजत बसू नये, असे आमच्या आजीने शिकवले.

आणि गरिबाच्या श्रद्धेला हात लावू नका, असेही कोणी कळवळून लिहील. आम्ही लावलेला नाही. उन्हात अनवाणी टेकडी चढणारी म्हातारी, नातवाच्या तापासाठी बाबांपुढे पदर पसरणारी, तिच्याशी आमचे भांडण नाही. तिने कोणाचा काटा मारलेला नाही. तिच्या नातवाला दवाखान्यात न्या, औषधाचे पैसे कमी पडले तर भरा, आणि मग तिला खुशाल वर जाऊ द्या. आमचे भांडण तिच्या शेजारी उभे राहून, तिच्याच ओळीत, तेवढीच मान तुकवणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाशी आहे, ज्याने सकाळी तिच्या पोत्यातून दोन किलो काढले.

सप्ताह मंडळांना आम्ही तीन गोष्टी सुचवून पाहिल्या. महाप्रसादाची वर्गणी घेण्याआधी देणाऱ्याच्या काट्यावर या वर्षीचा शिक्का आहे काय ते विचारा. कीर्तनात एक दिवस तुलाधाराचा ठेवा. काल्याच्या दिवशी ज्यांच्या शेतात बायका निंदणाला आल्या त्यांची थकलेली मजुरी मंडपातच चुकती करायला सांगा. एका मंडळाचे अध्यक्ष हसले. एकाने चहा पाजला. तिसऱ्याने म्हटले, भाऊ, धर्मात राजकारण आणू नका.

ठीक. आमच्या कचेरीच्या दारात आजपासून २० किलोंचे एक लोखंडी वजन ठेवले आहे. वर कडी आहे, पाठीला शिसे आहे, शिशावर वजनमापे खात्याचा या वर्षीचा शिक्का आहे. बोट लावून पाहता येतो. सोयाबीन, तूर, चना, कापूस, जे काही विकायला चालला असाल, जाताना हे वजन गाडीत टाकून न्या. काट्यावर आधी ते ठेवा. २० दिसले तर पोते चढवा. १९ दिसले तर पोते उतरवू नका, आकड्याचा फोटो काढा आणि आमच्याकडे या. तक्रार आम्ही लिहून देऊ, खाली सही आमची असेल. भाडे नाही, चिठ्ठी नाही, नाव नोंदवायचे नाही. फक्त रात्री आणून ठेवा, सकाळी दुसऱ्याला लागते.